तळ्याकाठचे दहा दिवस

१३ जानेवारी, सोमवार

सव्वाचारला बोलावलं. खोलीत तिघं होते. दोघांना मी ओळखतो. तिसरी बाई एचआरची, पहिल्यांदाच पाहिली. तिने पाण्याची बाटली माझ्यासमोर सरकवली, तेव्हाच कळलं.

मॅन्युअल लिहिण्याचं काम दुसऱ्या शहरात जाणार. उरेल ते सॉफ्टवेअर लिहील. माझा करार जुलैअखेर संपतो, इथे राहून काम करायचा पासही त्याच दिवशी. दोन्ही पुढे वाढणार नाहीत. सामान भारतात पाठवण्याची व्यवस्था कंपनी करेल. बाई म्हणाली, घरच्यांशी बोलून घ्या. मी थँक्यू म्हटलं.

सिंगापुरात एकोणीस वर्षं झाली. सगळी याच कंपनीत.

घरी आलो तर मीनलने जेवणाच्या टेबलावर तिची वही उघडून ठेवली होती. युरोपच्या सहलीची वही. चौकटीच्या कागदाची, कडा झिजलेली.

"ठरलं," ती म्हणाली. "पाच एप्रिल ते अठ्ठावीस एप्रिल. आता मागे फिरायचं नाही."

"बरं."

"नुसतं बरं?"

"छान."

"एमएला मराठी साहित्य घेतलं होतं म्हणे ह्याने. एका विशेषणासाठी अर्ज करावा लागतो."

ती हसत होती. उद्या सांगेन.

१४ जानेवारी

नाही सांगितलं.

१९ जानेवारी, रविवार

आज बेडोक रिझर्व्हॉयरला सराव. मीनलचा नियम असा: एका ठिकाणी जायचं, एका बाकावर दोन तास बसायचं, फोटो काढायचे नाहीत. युरोपात आपण असेच राहणार, म्हणते. आठवड्यात नऊ देश उरकणाऱ्यांतले आपण नाही. टॅम्पिनीसच्या आमच्या ब्लॉकखालून बस मिळते. थर्मासमध्ये चहा, डब्यात दडपे पोहे.

वहीतला मार्ग मला आता पाठ आहे. आधी हायडेलबर्ग, तिथला नदीवरचा पडका किल्ला. मग बोडनझे. ते इतकं मोठं तळं आहे की तीन देशांचे काठ त्याला लागतात. त्याच्या काठावर मेर्सबुर्ग नावाचं लहान गाव. वर जुना किल्ला, उतारावर द्राक्षमळे, खाली बोटींचा धक्का. तिथे दहा दिवस. शेवटी व्हिएन्ना. मेर्सबुर्गला दहा दिवस कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "तिथे बघण्यासारखं फार नाही म्हणून," ती म्हणाली.

लग्नाच्या आधी आणि नंतरही काही वर्षं ती पुण्यात जर्मन शिकवायची. तिचे विद्यार्थी तिकडे नोकऱ्या करतात, घरं घेतात, तिला नाताळात कार्डं पाठवतात. ती कधी गेलेली नाही. माझ्या नोकरीमुळे इथे आली, बायको म्हणून मिळालेल्या डिपेंडंट पासवर शिकवता येत नव्हतं, मग शिकवणं सुटलं. सहल दरवर्षी पुढच्या वर्षी जायचं ठरत आलं. ठरवणारा मी.

"समोर काय दिसतंय?" तिने विचारलं.

"सरकारी घरांचे ब्लॉक."

"चूक. द्राक्षमळे."

"त्यांवर कपडे वाळतायत."

"जर्मन द्राक्षं आहेत ती. रांगेत वाळतात."

पाऊण तासाने म्हणाली, "ऑफिसात काय चाललंय?"

"नेहमीचं."

"नेहमीचं म्हणजे काय रे?"

"नेहमीचं म्हणजे नेहमीचं."

तिने थर्मासचं झाकण लावलं. दोन तास पूर्ण व्हायच्या आधी मी उठलो. सव्वा तास झाला होता.

२२ जानेवारी, बुधवार

जेवताना मीनल म्हणाली, "दुपारी एका मूव्हर्सचा फोन आला होता. सामान बघायला कधी येऊ विचारत होते. तुझं नाव घेतलं."

पाणी प्यायलो.

"चुकून लागला असेल," मी म्हटलं.

"मीही तेच म्हटलं त्यांना. चुकून लागलाय."

तिने मला आणखी आमटी वाढली. मी नको म्हटलं नव्हतं, हवी असंही म्हटलं नव्हतं. थोडक्यात निभावलं.

एचआरच्या बाईला मेल केली, यापुढे माझ्या मोबाइलवरच फोन करा.

२ फेब्रुवारी, रविवार

चिनी नववर्ष चालू आहे. हॉकर सेंटरमध्ये निम्मे स्टॉल बंद. भारतीय मुस्लिमाचा चालू होता, तिथे आम्हा दोघांचा धम्मानंदबरोबर चहा-पराठा. धम्मानंद नागपूरचा, पलीकडच्या ब्लॉकमध्ये राहतो, पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करतो. परिषदांना युरोपात जाऊन येतो आणि परत आल्यावर जेवणाबद्दल तक्रार करतो.

"वहिनी, किल्लेच बघायचे तर रायगड काय वाईट होता? पायऱ्या तितक्याच."

"ह्याला रायगडावर दहा दिवस सोडून येते. तुम्ही न्यायला जाल का?"

"मी रोपवेने जाईन. हा उतरेल का, ते सांगा."

सगळे हसलो. मग तो माझ्याकडे वळला.

"व्हिसाला कधी जाताय? पास बघून ठेव हां. परत आल्यावर इथला पास तीन महिने तरी शिल्लक लागतो. मी एकदा अडकलो होतो. परिषदेत माझा पेपर दुसऱ्याने वाचला. वाईट वाचला."

"आमचा जुलैअखेरपर्यंत आहे," मीनल म्हणाली. "अठ्ठावीस एप्रिलला परतलो तर पुरतो. मेमध्ये गेलो तर पुरत नाही."

इतका नेमका हिशोब तिने कधी केला कोण जाणे. मला तो आज कळला.

"तोपर्यंत पास वाढेल की," मी म्हटलं.

"वाढेल ना?" तिने विचारलं.

"दर वेळी वाढतोच."

तिने पराठ्याचा तुकडा तोडला आणि बशीतच ठेवला. धम्मानंद म्हणाला, इथल्या डाळीत आता पूर्वीसारखी चव राहिली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

दोन ठिकाणी अर्ज केले. एकाने एप्रिलमध्ये मुलाखती घेऊ, असं कळवलं. एप्रिलमध्ये मी एखाद्या तळ्याकाठी बसून राहणं बरं नव्हे. नोकरी लागली की नवा पास मिळेल, मग जूनमध्ये निवांत जाता येईल. तेव्हा सांगितलं तर ती गोष्ट सांगण्यासारखी असेल. आज सांगितली तर नुसती बातमी होईल.

मीनलला म्हटलं, "एप्रिलमध्ये नव्या सिस्टिमचं गो-लाइव्ह आलंय. जूनमध्ये जाऊ."

ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"एप्रिलमध्ये गर्दी नसते," ती म्हणाली.

"जूनमध्ये उन्हं चांगली असतात."

"उन्हाला सिंगापूर आहे की."

"मीनल, ऑफिसचं काम आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने वही घेतली. वाटलं, तारखा खोडेल. खोडल्या नाहीत. खाली पेन्सिलीने काही तरी लिहिलं आणि वही मिटली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

इथे पास नव्याने करायचा असला की दर दोन-तीन वर्षांनी कंपनी मीनलचा नवा फोटो मागते, कारण तिचा पास माझ्या पासवर असतो. मग आम्ही इराला घेऊन खालच्या मॉलमधल्या मिस्टर को यांच्या स्टुडिओत जायचो. इरा आमची मुलगी, आता युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवर असते. पासच्या फोटोत हसलेलं चालत नाही. म्हातारा को कॅमेऱ्याआडून "नो स्माइल, आंटी, नो स्माइल" म्हणायचा, त्यामुळेच मीनलला हसू यायचं. तीन-तीनदा फोटो काढावा लागे. मग चेंडोल खायचं, नारळाच्या दुधातलं, बर्फ घातलेलं. इराला लहानपणी वाटायचं की पास म्हणजे चेंडोलचा सण.

यंदा मी फोटोचं काढलेलं नाही. काढणार कशाला?

आज मीनल एकटीच जाऊन आली. तपकिरी पाकीट माझ्या हातात दिलं. तोंड गोंदाने चिकटवलेलं.

"फोटो आहेत. चार व्हिसाचे, चार तुझ्या ऑफिसचे. दर वेळी आत्ताच मागतात ना?"

"हो. मागतील."

"बघून घे आत."

"बघतो."

"आजच बघ. विसरशील."

पाकीट हलकं होतं. ऑफिसला ते देता येणार नाही, हे तिला ठाऊक नाही, आणि तिने फोटो काढून आणले. मला त्या पाकिटाकडे बघवेना. माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या केबलींच्या खाली ठेवून दिलं.

९ मार्च, रविवार

सरावाला बोटॅनिक गार्डनमधल्या तळ्यावर. हंस आहेत तिथे. पूर्ण दोन तास बसलो. मीनलने विचारलं, पाकीट बघितलंस का? मी म्हटलं, हो, बघितलं.

"मग?"

"चांगले आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. फोटोंचं कौतुक कमी पडलं असावं.

"तुझा काय विचार?" तिने विचारलं.

"कसला? जूनचं ठरलंय ना आपलं."

ती "बरं" म्हणाली. घरी येताना बसमध्ये खिडकीशी बसली. एरवी ती जागा मला देते.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी मीनल साडेसातलाच तयार. मोरपिशी कॉटनची साडी, टॅम्पिनीसमध्ये ती साडी कोणी बघितली नसेल. सोफ्याच्या टोकाला बसली होती. शेजारी निळी फाइल.

"कुठे निघालीस?"

"कुठे नाही. तुला आज ऑफिसला जायलाच हवं का?"

"हवंच. का?"

"सहज. सव्वादहापर्यंत वेळ आहे का, ते विचारत होते."

"आज नाही गं. उद्या बोलू."

आज जुरोंग ईस्टला मुलाखत होती. बूट घालताना मागे वळून बघितलं तर ती तशीच बसलेली. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, जागा मिळाली. टॅम्पिनीसपासून जुरोंग ईस्ट म्हणजे बेटाचं एक टोक ते दुसरं, तेवढा वेळ उत्तरं घोकली.

मुलाखत घेणारा इराहून चार-पाच वर्षांनी मोठा. विचारलं, तुम्ही लिहिता ते यंत्राने लिहिलं तर वाचणाऱ्याला फरक कळेल का? मी म्हटलं, लगेच नाही कळणार. खरं बोललो. तो फार खूश झाला नाही.

संध्याकाळी घरी आलो तर साडी घडी करून कपाटात. फाइल दिसली नाही. कशाबद्दल बोलायचं होतं, असं विचारलं. "वेळ गेली," ती म्हणाली. मला बँकेचं काम असावं असं वाटलं.

५ एप्रिल, शनिवार

पहिल्या बेताप्रमाणे आज निघणार होतो.

तीन रविवार सराव झालेला नाही. विचारलं तर म्हणाली, गुडघा. कोणता, ते विचारायचं राहिलं.

बेडरूमचं दार लोटून लॅपटॉपवर कोणाशी तरी जर्मन बोलत होती. तासभर. मला एक शब्द कळत नाही, पण आवाज ओळखू आला. पुण्यात, लग्न ठरल्यावर, मी तिला न्यायला क्लासवर जायचो तेव्हा वर्गातून असा आवाज यायचा. थोडा मोठा, प्रत्येक शब्द सुटा. पलीकडून कोणी तरी हसलं. तीही हसली.

जूनची तयारी असावी. तिचा उत्साह टिकून आहे, बरं आहे. जुरोंग ईस्टवाल्यांनी नाही म्हणून कळवलं.

११ मे, रविवार

उद्या बुद्धपौर्णिमेची सुट्टी, म्हणून इरा दोन दिवस घरी आलीय. धम्मानंदने उद्या खिरीला बोलावलंय.

जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, व्हिसाच्या अपॉइंटमेंट मिळत नाहीयेत, जूनला फार गर्दी आहे. हे मी आठवडाभर म्हणत होतो.

इराने चमचा खाली ठेवला. तिचं मराठी नेहमी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत घसरतं. "बाबा, स्टॉप लाह."

"काय झालं?"

"जूनचा व्हिसा मिळतच नाही. योर पास कान्ट वन. तीन महिने लागतात. यू नो, आय नो, आई नोज. एव्हरीबडी ॲट धिस टेबल नोज."

मी मीनलकडे बघितलं. ती इराच्या ताटात कोशिंबीर वाढत होती.

"तुला कधी कळलं?"

"मूव्हर्सचा फोन आला ना, त्या दिवशी. ते कंपनीचं नाव सांगत होते, आपला पत्ता सांगत होते, पासची तारीख सांगत होते. चुकून लागलेला फोन इतकी माहिती देत नाही."

"जानेवारीपासून?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले की," ती म्हणाली. "तू बघितलंस म्हणालास. मग पुढे काय बोलायचं?"

काय बघितलं, ते माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या तोंडावरचं तिने वाचलं असेल, असं काही म्हणायचं असेल. विचारायला हवं होतं. पण इरा रडायला लागली होती. "इट्स ओके टू लूज जॉब, बाबा. ओके वन. जस्ट से लाह," असं म्हणत होती आणि मी तिला पाणी देत होतो.

मग मीनल म्हणाली, "भात घे. गार होतोय." मी घेतला.

चार महिने मी जी गोष्ट लपवली ती लपलेलीच नव्हती. सुटल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही.

२४ जुलै, गुरुवार

नोकरी मिळाली. पासही मंजूर. कंपनी लिफ्ट बनवते, ऑफिस जुरोंग ईस्टलाच, पण ही दुसरी इमारत. लिफ्ट अडकली तर आत काय करायचं, हे मी लिहिणार. जुना पास संपायला आठवडा उरला होता.

बसमधून उतरल्यावर चक्क धावलो. मीनल पुस्तकांच्या पेट्या बांधत होती. सांगितलं. तिला खरंच आनंद झाला. खुर्चीवर बसली, माझा हात धरला.

"आता जाऊ," मी म्हटलं. "सप्टेंबरमध्ये. मेर्सबुर्ग, दहा दिवस. पंधरा हवे तर पंधरा."

"रजा देतील?"

पहिले सहा महिने रजा नाही, असं पत्रात लिहिलं आहे.

"पुढच्या एप्रिलमध्ये मग," मी म्हटलं.

तिने हात सोडला नाही. म्हणाली, पुण्याला तिच्या जुन्या संस्थेत दसऱ्यानंतर नवी बॅच सुरू होतेय, तिने होकार दिला आहे. एप्रिलमध्येच दिला होता. ऑगस्टमध्ये जाईल. मधल्या वेळात, सप्टेंबरात, ती जाऊन येणार आहे. तिकीट झालंय.

"कुठे जाऊन येणार?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी प्रश्न परत घेतला.

"एकटी?"

"एकटी."

पेटीवर तिने मार्करने "पुणे" लिहिलं होतं. त्या सगळ्या पेट्या तिच्या होत्या. माझं सामान ती बांधत असेल, असं मी महिनाभर समजत होतो.

१० ऑगस्ट, रविवार

चांगी विमानतळ. इरा आली होती, तिने आईला गळ्यातली उशी दिली. दोघी बराच वेळ काही तरी बोलत होत्या. मी ट्रॉली धरून उभा होतो.

आत जाण्याआधी मीनल म्हणाली, "गोळ्या संपल्या की वेळेवर आण. इराला दर रविवारी जेवायला बोलाव."

"तू रागावली आहेस."

"नाही रे, सुबोध. रागवायला काही तरी नवीन लागतं."

असं म्हणून तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग आत गेली. काचेपलीकडे ट्रे उचलताना दिसली. वही हातातल्या पिशवीत होती. बॅग मशीनमधून जाताना तिने वही बाहेर काढून छातीशी धरली, तपासणाऱ्या बाईने ती ट्रेमध्ये ठेवायला लावली.

३१ ऑगस्ट, रविवार

टॅम्पिनीसचा फ्लॅट सोडला. एकट्याला खोली पुरते. सेंगकांगला एका कुटुंबाकडे घेतली, एलआरटी या छोट्या मेट्रोच्या रुळांसमोर. डबे खिडकीसमोरून ड्रायव्हरविना जातात. बहुतेकदा रिकामे.

२८ सप्टेंबर, रविवार

पोस्टकार्ड आलं. मेर्सबुर्गचं. वर किल्ला, खाली तळं. मागे तिचं अक्षर.

"सुबोध, किल्ला चित्रात दिसतो त्याहून लहान आहे. आत अजून माणसं राहतात. रोज सकाळी खाली उतरते, धक्क्याजवळच्या तिसऱ्या बाकावर बसते. फेरी जाते, फेरी येते. पहिले दोन दिवस माझं जर्मन ऐकून लोक पुस्तकातल्यासारखं बोलता म्हणाले. आता म्हणत नाहीत. बेकरीवाली मला फ्राऊ मीनल म्हणते. पोहे आणायला हवे होते. द्राक्षमळ्यांत कोणी कपडे वाळत घालत नाही. मी."

तीनदा वाचलं. रागाचा एकही शब्द नाही. माझ्याबद्दलचाही नाही, नाव सोडलं तर. मग लक्षात आलं, कपड्यांचं माझं वाक्य आहे.

इरा जेवायला आली होती. तिला कार्ड दाखवलं. तिने मोबाइलवर फोटो दाखवले, आईने तिला पाठवलेले. एकात मीनल बाकाच्या एका टोकाला बसली होती. फोटो कोणी काढला, विचारलं. "सम अंकल लाह, पासिंग बाय." दुसऱ्या टोकाला तिची पिशवी होती.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नव्या ऑफिसच्या एचआरने विचारलं, पत्नीसाठी डिपेंडंट पास हवा आहे का? हवा असल्यास फॉर्म आणि फोटो द्या.

मीनल परवापासून शिकवायला लागलीय. तरी वाटलं, पास असू द्यावा. असला तर दिवाळीत येईल, नाताळात येईल. पास असला की माणूस येतो, असं काही तरी मनात आलं. फोटोवरून पाकीट आठवलं. जेवणाच्या सुट्टीत सेंगकांगला येण्याइतका वेळ नव्हता, म्हणून डोकं दुखतंय सांगून अर्ध्या दिवसाने निघालो. हे आता मला सहज जमतं.

घर सोडताना भरलेल्या केबलींच्या पेटीत तळाशी होतं. तोंड अजून चिकटलेलं. कात्रीने कापलं.

आत आठ फोटो नव्हते. चारच होते. मीनल, पांढरी पार्श्वभूमी, न हसलेली. ऑफिसचे चार तिने काढलेच नव्हते. आणि घडी घातलेला एक कागद. व्हिसा केंद्राची अपॉइंटमेंट. अर्जदार दोन. तिचं नाव, माझं नाव. मंगळवार, १८ मार्च, सकाळी १०.१५. प्रवासाच्या तारखा ५ एप्रिल ते २८ एप्रिल.

कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं:

"तुझा फोटो राहिलाय. काढून घे. नोकरीचं परत आल्यावर बघू, दोघं मिळून. आत्ता पास आहे, तेवढ्यात जाऊन येऊ."

मी पलंगावर बसलो. मग ही वही काढली आणि ९ मार्चचं पान वाचलं. "हो, बघितलं." मग १८ मार्च. मोरपिशी साडी. निळी फाइल. सव्वादहा.

पुण्यात साडेबारा वाजले असतील. फोन केला.

"बोल. तास सुरू व्हायचाय, पाच मिनिटं आहेत."

"ते पाकीट. फेब्रुवारीतलं."

"हं."

"मी तेव्हा उघडलं नव्हतं. बघितलं म्हणालो, पण नव्हतं बघितलं. आज उघडलं."

मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. कोणी तरी "मॅडम" म्हणून हाक मारली. तिने फोनवर हात ठेवला असावा, आवाज बुजला, परत आला.

"मला वाटत होतं, तू वाचलंस आणि नको म्हणालास," ती म्हणाली. "सगळं वाचून, त्या सकाळी मला तिथे बसलेली बघून, बूट घातलेस. सात महिने मी त्याची सवय करून घेतली."

"मला माहीत असतं तर..."

"तू उघडलंच नव्हतंस," ती म्हणाली. मला उद्देशून नाही, स्वतःला नीट सांगावं तसं. "म्हणजे फक्त उघडायचं होतं."

"हो."

"अरे देवा, सुबोध."

मग म्हणाली, मुलं थांबली आहेत. फोन ठेवला.

फॉर्ममध्ये पत्नीच्या पासपुढे "नाही" अशी खूण केली. तसंही फोटो जुने झाले, तीन महिन्यांच्या आतले लागतात.

मग टॅम्पिनीसला गेलो. मिस्टर को दुकान बंद करायच्या बेतात होता. मला ओळखलं. "आंटी नो कम?" मी मान हलवली. कशासाठी फोटो, पास की व्हिसा, त्याने विचारलं. व्हिसा म्हटलं. स्टुलावर बसलो. तो कॅमेऱ्याआड वाकला, नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, मग माझ्याकडे बघून मिटलं. एकाच फोटोत काम झालं.

चार प्रती दिल्या. त्या पाकिटात ठेवल्या, तिच्या चारांबरोबर. पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलेलं नाही. समोर टेबलावर आहे, उघडं.